दोन रकान्यांचं आयुष्य

आजी गेली तेव्हा तेरवीला वाटायला चार पानांची पुस्तिका काढायचं ठरलं. 'तू लिहितोस ना काहीबाही' म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी सवयीप्रमाणे लॅपटॉप उघडला आणि दोन रकान्यांचा एक तक्ता केला. डावीकडे 'देश', उजवीकडे 'आजी'. डावा रकाना दहा मिनिटांत भरला: १९३० दांडी, १९४२ चले जाव, १९४७ स्वातंत्र्य, १९६० महाराष्ट्र, १९७२ दुष्काळ, १९७५ आणीबाणी, १९९१ उदारीकरण, २०१६ नोटाबंदी, २०२० कोविड. उजवा भरायला दोन रात्री लागल्या, तरी अर्धा रिकामाच राहिला. मग जे रिकामं होतं ते मी एका क्रियापदानं भरून काढलं. 'तिनं गुलामी पाहिली, स्वातंत्र्य पाहिलं, दुष्काळ पाहिला, आणीबाणी पाहिली आणि शेवटी व्हिडिओ कॉलवर नातवाचा चेहराही पाहिला.'

लेख सगळ्यांना आवडला. नातेवाइकांच्या ग्रुपवर हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली. तीन दिवसांनी अकोल्याहून आत्याचा फोन आला. तिनं तो मुलाकडून वाचून घेतला होता. म्हणाली, "सगळं बराबर लेयलं तू. पण पान्याचं तं काहीच नाई याच्यात."

मला आधी कळलंच नाही ती कोणत्या पाण्याबद्दल बोलतेय. ते कळायला वर्ष गेलं. या वर्षात मी स्वतःचा तो लेख अनेकदा वाचला आणि तशाच प्रकारची इतरांची पुस्तकंही वाचली. हा लेख त्या वाचनाचा आहे. सामान्य माणसाचं दीर्घ आयुष्य देशाच्या इतिहासाशेजारी ठेवून सांगायची जी पद्धत आपल्याकडे रूढ आहे, तिच्यात काय जमतं, काय हुकतं आणि कुणी ती नीट वापरली, एवढंच मला तपासायचं आहे.

*

ही पद्धत आपल्या ओळखीची आहे. दर १५ ऑगस्टला कुठल्या ना कुठल्या शतायुषी आजोबांवर लेख येतो आणि त्यात 'पाहिलं' हे क्रियापद ओळीनं पाच-सहा वेळा येतं. सिनेमात हीच पद्धत 'फॉरेस्ट गंप'नं (१९९४) जगभर नेली. आपल्याकडे २०२२ मध्ये त्याचा 'लाल सिंग चढ्ढा' झाला. साधाभोळा माणूस आयुष्यभर चालत राहतो आणि देशातली प्रत्येक मोठी घटना त्याच्या वाटेत येते. सलमान रश्दींच्या 'मिडनाइट्स चिल्ड्रन'मध्ये (१९८१) तर नायक नेमका १५ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्रीच जन्मतो. पण रश्दींना या योगायोगातली गंमत ठाऊक आहे आणि ते ती ताणून ताणून हास्यास्पद करतात. आपण मात्र ती गंभीरपणे वापरतो.

या पद्धतीचं आकर्षण मला समजतं. जिच्याबद्दल कुणी कधी काही लिहिलं नाही अशा बाईला तिच्यामुळे एकदम महत्त्व येतं. शिवाय लिहिणाऱ्याचे कष्ट वाचतात, कारण निम्मा मजकूर आधीच तयार असतो. अडचण दोन गोष्टी कशाने जोडायच्या, इथे सुरू होते. आमच्या कामात दोन तक्ते जोडायला दोन्हीकडे सारखा असणारा एक रकाना लागतो. इथे आपण तारीख वापरतो. पण आजीकडे तारखाच नव्हत्या. आधार कार्डावर तिची जन्मतारीख १ जानेवारी १९३२ होती. खेड्यातल्या असंख्य म्हाताऱ्या माणसांची असते तशी, कुणीतरी अंदाजानं टाकलेली. म्हणजे माझ्या उजव्या रकान्यातली पहिलीच तारीख खोटी होती.

आणि जिथे तारखा खऱ्या होत्या तिथे काय झालं? एक उदाहरण देतो. आजीचं माहेर अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूरजवळ, सासर अमरावती जिल्ह्यात दर्यापूर तालुक्यात. ती जन्मली तेव्हा वऱ्हाडचा कारभार इंग्रज मध्य प्रांताला जोडून पाहत होते, पण कागदावर मुलूख हैदराबादच्या निजामाचा होता. १८५३ च्या तहानं वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेलं आणि १९०२ मध्ये ते कायमच्या भाडेपट्ट्यानं त्यांच्याकडे राहिलं. पुढे २६ जानेवारी १९५० ला आजी मध्य प्रदेशात गेली, १ नोव्हेंबर १९५६ ला द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. घरातून न हलता तिनं एवढी राज्यं बदलली. पुस्तिकेत मी हे फार खुशीनं लिहिलं होतं. सगळं खरं आहे. पण या बदलांनी तिच्या घरात काय हललं, हे मी कुणाला विचारलं नव्हतं. साताबाऱ्यावरचा शिक्का बदलला असेल. चूल तीच होती, विहीर तीच होती.

याच्या उलट उदाहरण शकुंतलेचं. मूर्तिजापूरहून दर्यापूर-अंजनगाववरून अचलपूरला जाणारी ही नॅरोगेज गाडी म्हणजे आजीच्या माहेर-सासरची वाट. १९५१ मध्ये देशातल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा ही गाडी त्यातून सुटली आणि पुढेही खासगी कंपनीच्या मालकीची राहिली. कोळशाचं इंजिन तर १९९४ पर्यंत चाललं. म्हणजे डाव्या रकान्यातली एक मोठी घटना आजीच्या वाटेवर घडलीच नाही. 'न घडलेली घटना' लिहायला माझ्या तक्त्यात जागाच नव्हती.

*

मग हे जमतं कुणाला? मला पहिलं उत्तर मिळालं ते लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये. हे पुस्तक १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आलं. शाळेत त्यातला एखादा धडा आपण सगळ्यांनी वाचलेला असतो आणि म्हणूनच पुन्हा उघडायचा कंटाळा करतो.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, म्हणजे १८५७ नंतर अकरा वर्षांनी. दोन रकान्यांच्या हिशेबात त्यांच्यासमोर १८५७ येऊच शकत नाही. तरी पुस्तक सुरू होतं ते तिथूनच. त्यांच्या आईच्या वडिलांना त्या बंडाच्या धामधुमीत फाशी झाली. त्या धक्क्यानं लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनावर परिणाम झाला आणि त्यांना सोवळ्याचं वेड लागलं. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात यायचा नाही. मीठसुद्धा धुवायचं. मीठ धुतलं तर काय उरणार, हे आपल्याला कळतं, लहानपणी लक्ष्मीबाईंनाही कळत असणार. घरातल्या बायका मात्र वर्षानुवर्षं ते सोवळं सांभाळत राहिल्या.

हे वाचून मी थांबलो. इथे कुणीच १८५७ 'पाहत' नाही. लक्ष्मीबाई बंडावर मतही देत नाहीत. त्या फक्त सांगतात की ते बंड आमच्या घरात कुठून शिरलं आणि कुठे मुक्कामाला राहिलं: वडिलांच्या डोक्यात आणि तिथून आईच्या हातात. देशाच्या इतिहासात बंड दोन वर्षांत शमलं. त्या घरात ते पाण्यानं धुतलेल्या मिठात कितीतरी वर्षं चालू होतं. घटनेचा काळ आणि घटनेच्या परिणामाचा काळ वेगळा असतो, हे तारखेनं जोडलेल्या तक्त्यात कधीच दिसणार नाही.

आणि लक्ष्मीबाई हे हसत सांगतात, हेही महत्त्वाचं. माझ्या पुस्तिकेत आजी एकदाही हसवत नाही. माझी खरी आजी दिवसातून दहा वेळा हसवायची. पण इतिहासाची साक्षीदार म्हणून एकदा उभी केली की बाई आपोआप गंभीर होते.

*

दुसरं पुस्तक नरेंद्र जाधवांचं 'आमचा बाप आन् आम्ही' (१९९३). नाशिकजवळच्या ओझरचे दामोदर जाधव, घरात दादा, यांचं हे आयुष्य. निवृत्तीनंतर वडिलांना काहीतरी उद्योग हवा म्हणून मुलानं त्यांना आठवणी लिहायला बसवलं, त्या लिखाणातून हे पुस्तक उभं राहिलं. गावकीची येसकरकी करताना विहिरीतल्या प्रेताची राखण, फौजदाराची मारहाण आणि मग बायकोला घेऊन गाव सोडून मुंबईची वाट. या प्रसंगांतून देशाचा इतिहास आपोआप दिसायला लागतो, कारण तो त्यांच्या पाठीवर उमटलेला आहे.

या पुस्तकानं माझ्या डाव्या रकान्याविषयीच शंका निर्माण केली. मी १९३० समोर 'दांडी' लिहिलं होतं. दांडीयात्रा १२ मार्च १९३० ला निघाली. त्याच्या दहा दिवस आधी, २ मार्चला, नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. दामोदर जाधवांच्या आयुष्यात १९३० म्हणजे काळाराम. माझ्या तक्त्यात काळाराम नव्हताच. 'देश' असं शीर्षक देऊन मी एक यादी घेतली होती, आणि ती कुणी केली हे न विचारता ती सगळ्यांची आहे असं धरून चाललो होतो.

वऱ्हाडातलंच उदाहरण घ्या. १९५६ च्या शेवटच्या ऐंशी दिवसांत काय काय झालं ते पाहा. १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. १ नोव्हेंबरला वऱ्हाड मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आलं. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. २० डिसेंबरला अमरावतीजवळ गाडगेबाबा गेले. शाळेच्या इतिहासात यातली राज्य पुनर्रचना ठळक येते. आमच्या गावात मी नंतर विचारलं तेव्हा ती एकालाही आठवत नव्हती. बौद्धपुऱ्यातल्या म्हाताऱ्यांना ऑक्टोबर आणि डिसेंबरचा पहिला आठवडा लख्ख आठवत होता. कोण कशानं नागपूरला गेलं, घरातले देव कुठे शिरवले, सगळं. आमच्या कुणब्यांच्या आळीत गाडगेबाबा गेल्याचं दुःख आठवत होतं. एकच गाव, एकच हिवाळा. 'सामान्य माणूस' नावाचा एकच माणूस असता तर असं झालं नसतं. कुठली तारीख कुणाच्या घरात शिरणार, हे आपल्याकडे बरंचसं जात ठरवत आली आहे. आणि 'एका सामान्य आजीच्या डोळ्यांतून भारत' असं मी लिहिलं तेव्हा ती एका ठरावीक आळीतली आजी होती, हे मी लपवलं नव्हतं, मला ते सुचलंच नव्हतं.

तरीही या पुस्तकाशी माझं एक भांडण आहे. त्याचा उतार मुलांच्या यशाकडे जातो. मुलगा परदेशातून डॉक्टरेट घेऊन येतो, रिझर्व्ह बँकेत मोठ्या पदावर जातो आणि बापाचं आयुष्य त्या यशाची पायाभरणी ठरतं. ज्या घरानं एवढं सोसून एवढं मिळवलं त्याला हा शेवट मिरवायचा पूर्ण हक्क आहे. पण तो आता एक साचा झालाय आणि मीही तोच वापरला होता. माझ्या पुस्तिकेचा शेवट काय होता? 'आज तिचा नातू पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे.' जणू नव्वद वर्षं जगून तिनं जे साधलं ते मी!

*

तारखांची शंका आली म्हणून तारखाच काढून टाकाव्यात का? तसं करून पाहिलं तर दुसरा साचा तयारच असतो: कष्टाळू आजी. पहाटे उठायची, जात्यावर दळायची, सगळ्यांना वाढून मग जेवायची. या आजीला गाव नसतं, साल नसतं, राग नसतो. मदर्स डेच्या फॉरवर्डमध्ये ती सर्वत्र सारखीच असते.

या साच्यातून सुटका कशी होते ते वऱ्हाडातल्याच एका कादंबरीत दिसतं. उद्धव शेळक्यांची 'धग' १९६० ची. ज्या वर्षी वऱ्हाड महाराष्ट्रात आलं त्याच वर्षी, वऱ्हाडी बोलीतले संवाद घेऊन, ती मराठी वाचकांसमोर आली. पण कादंबरीत कथानक पुढे नेणारी एकही राष्ट्रीय घटना नाही. कौतिक, तिचा शिलाईकाम करणारा आणि घर न सावरू शकणारा नवरा महादेव, मुलं भीमा आणि नामा, आणि रोजचा दिवस कसा काढायचा हा प्रश्न. बस.

कौतिक 'कष्टाळू आई' होत नाही, कारण शेळके तिला डोकं देतात. ती हिशेब करते, बेत आखते, भांडते, चुकते, पुन्हा बेत आखते. तिचे कष्ट आपल्याला कौतुक म्हणून दिसत नाहीत, एकामागून एक फसत गेलेले उपाय म्हणून दिसतात. त्यामुळे वाचताना हात जोडावेसे वाटत नाहीत. पुढचा उपाय तरी लागू पडू दे, असं वाटतं.

मात्र 'धग' वाचून संपवल्यावर एक प्रश्न राहतो. ही गरिबी कुठून आली? कादंबरी जणू उन्हासारखी ती गृहीत धरते. ऊन कुणी पाडत नाही. पण वऱ्हाडातल्या शेतमजुराच्या घरातल्या टंचाईला कापसाचा बाजार आहे, सावकारी आहे, सरकारी धोरणं आहेत. कौतिकच्या नजरेतून ते दिसत नाही हे बरोबरच आहे, कादंबरीनं तिची नजर प्रामाणिकपणे पाळली आहे. पण मी कादंबरी लिहीत नव्हतो. मला आजीबद्दल लिहायचं होतं आणि आजीनंतरच्या माणसांना ते वाचायचं होतं. देश वरून चिकटवायचा नाही आणि देश नाहीच असंही म्हणायचं नाही, मग तो शोधायचा कुठे?

*

इथे आत्याचं पाणी आलं.

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांचा मोठा पट्टा खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. जमीन काळी, कसदार, कापसाला चांगली. पण खालचं पाणी खारं. विहीर खणली की पाणी लागतं आणि ते पिता येत नाही. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. दर्यापूर तालुका या पट्ट्यात येतो, मूर्तिजापूरचा भागही येतो. म्हणजे आजी खाऱ्या पाण्यातून खाऱ्या पाण्यातच सासरी आली.

मी सुट्टी काढून अकोल्याला गेलो आणि आत्याला पाण्याचं सांगायला लावलं. ती दोन दुपारी सांगत होती. वापरायचं पाणी गावच्या विहिरीचं, प्यायचं पाणी नदीचं. उन्हाळ्यात पात्र आटलं की रेतीत खड्डा करायचा आणि त्यात झिरपेल तेवढं पाणी वाटीनं गुंडात भरायचं. एक गुंड भरायला किती वेळ लागायचा? "एक गानं म्हनून होये इतका," म्हणाली आणि हसली. डोक्यावर चुंबळ, त्यावर गुंड. दिवसाला दोन खेपा. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल पायाला असा धरायचा की चप्पल हातात घेऊन चालायचं. कुणाच्या घरी पाहुणे आले की आधी पाण्याचा विचार, मग भाजीचा. भांडण झालं की लोक बोलणं बंद करायच्या आधी पाणी बंद करायचे.

आजी सकाळी निंदणाला नाहीतर कापूस वेचायला जायची, म्हणून पाण्याची खेप मोठ्या मुलीवर आली. मोठी मुलगी म्हणजे आत्या. तिची शाळा सुटली ती त्या खेपांपायी. तिच्याहून पाच वर्षांनी लहान असलेला माझा बाप शाळेत गेला, शिकला, मास्तर झाला. त्याच्या पगारावर मी अमरावतीत इंजिनिअरिंग केलं. ही साखळी मला माहीत होती. पण ती 'बाबांनी कष्टातून शिक्षण घेतलं' इथून सुरू होते असं मी धरलं होतं. तिच्या आधीचा दुवा गुंड घेऊन नदीवर गेलेला होता.

परत आल्यावर मी खारपाणपट्ट्याबद्दल वाचत बसलो आणि १९३० पुन्हा समोर आलं. गांधीजींनी दांडीला मीठ उचललं तेव्हा समुद्र नसलेल्या वऱ्हाडात काय करायचं, असा प्रश्न इथल्या कार्यकर्त्यांना होता. त्यांनी अकोला जिल्ह्यातलं दहीहंडा निवडलं. तिथल्या विहिरींच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ करून त्यांनी कायदा मोडला. आमच्या गावापासून दहीहंडा फार लांब नाही. पट्टा तोच, पाण्याची चवही तीच.

मी जी 'राष्ट्रीय घटना' गुजरातच्या किनाऱ्यावरून आणून आजीसमोर ठेवत होतो, ती तिच्याच पाण्यात झाली होती. त्या सत्याग्रहाचं मोल मी कमी करत नाही. तुरुंगात जायची तयारी ठेवून माणसं त्या विहिरींवर गेली होती. पण ते काही दिवस संपले. मीठ तयार झालं, कायदा मोडला गेला, बातमी झाली. पाणी खारंच राहिलं. त्यानंतर स्वातंत्र्य आलं, राज्यं बदलली, आणि गोड्या पाण्यासाठी आजी आणि तिच्या मागून आत्या चालतच राहिल्या. १९३० ची दखल प्रत्येक इतिहासात आहे. नंतरच्या कित्येक दशकांच्या खेपांची दखल घ्यायला तारीख लागते आणि खेपांना तारीख नसते. त्या रोज होत्या.

*

म्हणून मी तक्ता नव्यानं केला. आता जोडणारा रकाना तारखेचा नाही, पाण्याचा आहे. ओळी अशा आहेत: नदीचं पाणी. रेतीतलं पाणी. बैलगाडीवर पिंप ठेवून आणलेलं पाणी. टँकरचं पाणी. नळाचं पाणी. प्रत्येक ओळीसमोर त्या काळात घरात काय चाललं होतं ते: कोण जन्मलं, कोण गेलं, कोण शाळेत होतं, कोण नव्हतं. गंमत म्हणजे देश यात आपणहून आला. पिंप आणि बैलगाडी आली कारण दोन वर्षं कापसाला बरा भाव मिळाला. १९७२ ला सरकारनं कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली ती आजीला योजनेच्या नावानं माहीत नव्हती, 'सरकारी काटा' म्हणून माहीत होती. शहानूर धरणाचं पाणी नळाला आलं ते घरात धाकट्या काकांच्या लग्नाच्या आठवणीला जोडलेलं आहे. त्या लग्नात पहिल्यांदा पाहुण्यांना पाणी मोजून दिलं नाही.

आणीबाणीच्या समोर या तक्त्यातही काही नाही. तिथे मी आता 'पाहिली' असं लिहिलेलं नाही. रिकामं ठेवलंय. २००६ मध्ये पंतप्रधान विदर्भात आले आणि शेतकरी आत्महत्यांच्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर झालं. त्यात अमरावती आणि अकोला दोन्ही होते. त्याच्यासमोर आत्यानं शेजारच्या एका घराची गोष्ट सांगितली. ती त्यांची आहे, मी इथे लिहिणार नाही.

हा तक्ता म्हणजे काही साहित्य नाही, हे मला कळतं. लक्ष्मीबाईंनी किंवा शेळक्यांनी जे केलं त्याच्या आसपासही तो जात नाही. पण या पुस्तकांकडून मला एक कसोटी मिळाली आणि ती मी आता या प्रकारच्या प्रत्येक लेखाला लावतो. तारीख दिसली की विचारायचं: ही या घरात कुठून आली आणि कुणाच्या अंगावर पडली? उत्तर असेल तर ती राहू द्यावी, मग ती कितीही क्षुल्लक वाटो. उत्तर नसेल तर ती काढावी, मग ती कितीही थोर असो. 'स्मृतिचित्रे'तलं धुतलेलं मीठ या कसोटीला उतरतं. 'आमचा बाप'मधला काळाराम उतरतो. माझ्या पुस्तिकेतल्या बहुतेक तारखा उतरत नाहीत.

माझा मूळ लेख अजून नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतो. गेल्या १५ ऑगस्टला कुणीतरी तो पुन्हा टाकला आणि पुन्हा हात जोडले गेले. मी काही बोललो नाही. नवा मजकूर मात्र मी आधी आत्याच्या मुलाला पाठवला आणि तिला वाचून दाखवायला सांगितलं. त्यात मी लिहिलं होतं की पाण्यामुळे तिची शाळा चौथीत सुटली.

रात्री तिचा फोन आला. पाण्याचं सगळं बरोबर आहे म्हणाली. एक चूक दुरुस्त करायला सांगितली. "चौथी पास झाली होती मी. पाचवीत दोन मयने गेली. तेवढं लेय."